माशांच्या कार्यक्रमाला साउंड घेऊन

उचगावच्या नाक्यावर चहाला थांबलो की अजून कोणीतरी विचारतंच, "काय मालक, मासं नाचलं का?" परत आल्यापासून हे इतक्यांदा ऐकलंय की आता रागही येत नाही, नुसता शीण येतो. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. ज्यांना विचारायचंय त्यांनी हे वाचावं आणि मला चहा पिऊ द्यावा.

गावाचं नाव लिहिणार नाही, तसा शब्द दिलाय. रत्नागिरीच्या खाली, एका खाडीच्या तोंडाशी, एवढं पुरे.

माझा धंदा साउंडचा. सुरुवात एका भोंग्यावर केली. सायकलच्या मागं बॅटरी, पुढं भोंगा, आणि गावोगाव फिरून बाजार, सर्कस, डोळ्यांचं शिबिर, जे सांगतील ते ओरडायचं. कुणी भांडवल दिलं नाही, कुणी हाताला धरून शिकवलं नाही. आज टेम्पो आहे, गोडाऊन आहे. जयंती असो की वरात, पेठ वडगावपासून कागलपर्यंत लोक आधी आमची तारीख घेतात, मग हॉलची. मुलगी झाली त्या वर्षी पहिला खरा ॲम्प्लिफायर घेतला. मुलीचं नाव प्रज्ञा ठेवलं आणि धंद्याचं प्रज्ञा साउंड.

हीच प्रज्ञा कॉलेजात असताना एका विसर्जनाला आवाज मोजायचं मीटर घेऊन आमच्याच भिंतीसमोर उभी राहिली. भिंत म्हणजे एकावर एक रचलेले स्पीकर. त्या कॉलेजच्या मुलांचा अहवाल पोलिसांकडं गेला, आमची सिस्टीम जमा झाली, सीझन बुडाला. सिस्टीम परत आली, सीझनही पुढच्या वर्षी आला. पण 'प्रज्ञा साउंडला प्रज्ञानंच बंद पाडलं' हे जे गावात सुरू झालं ते अजून सुरू आहे. मला मीटरचा राग नाही. आज ना उद्या कुणीतरी लावणारच होतं. त्या सकाळी ती माझ्या ताटाला ताट लावून पोहे खात होती आणि बोलली नाही, याचा राग आहे. तो मी कधी लपवला नाही.

आता ती समुद्रातल्या आवाजांचा अभ्यास करते. पाण्यात चालणारा माईक सोडते आणि ऐकत बसते. फेब्रुवारीत तिचा फोन आला.

"पप्पा, सिस्टीम पाहिजे."

"कुणाला?"

"मला."

मग तिनं सांगितलं ते असं. त्या खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली खडकांची एक रांग आहे, तिथले लोक तिला खडप म्हणतात. या दिवसांत संध्याकाळी धोमा, करकरा असले मासे तिथं जमतात आणि नर मासे आवाज करतात. मादी तो आवाज ऐकून येते, मग अंडी. पण संध्याकाळीच होड्या इंजिन टाकून खडपावरून बाहेर पडतात, आणि त्या घरघरीत माशाचं बोलणं मादीला पोचत नाही. दर वर्षी खडपावरचा आवाज कमी होत चाललाय. गावच्या मच्छीमार सोसायटीनं पावसाळ्यापर्यंत रोज दिवेलागणीला खडपापाशी इंजिन बंद ठेवावं, एवढंच तिला हवं होतं. सोसायटी म्हणत होती, आधी आम्हाला मासे ऐकव. म्हणून एक दिवस सगळी इंजिनं बंद, जेटीवर गाव गोळा, पाण्यातला माईक थेट स्पीकरला जोडलेला, आणि पुण्याच्या एक सारंगीवाल्या बाई माशांच्या सुरात सूर लावणार.

"दोन छोटे स्पीकर पुरेत," प्रज्ञा म्हणाली.

"रेट गिऱ्हाइकाला लावतो त्योच."

"घरच्यांना कमी नाही का?"

"मीटर लावला तवा घर आठवलं न्हाय."

ती गप्प बसली नाही. माझीच मुलगी, भाव पाडायला माझ्याकडंच शिकली. शेवटी डिझेल, दोघांचं जेवणखाण, आणि फलकावर ठळक अक्षरात 'ध्वनी : प्रज्ञा साउंड, उचगाव' एवढ्यावर सौदा ठरला. फलकावर नाव हा आमच्या धंद्याचा रिवाज आहे. नाव नसेल तर मी घरच्या बारशालाही वाजवत नाही.

शनिवार

नाव लागणार म्हटल्यावर दोन डबडी घेऊन जाऊन अब्रू कोण घालवणार? मी बेसच्या मोठ्या पेट्या चढवल्या, मोठा जनरेटर चढवला. जुना भोंगा टेम्पोत असतोच. तो वाजवत नाही, पण त्याच्याशिवाय मी उंबरा ओलांडत नाही. दिलावर माझा ऑपरेटर. आम्ही दोघं एकत्रच म्हातारे झालो. पेट्या बांधताना तो म्हणाला, "मालक, मासं हाय की पैलवान?"

शाहूवाडीच्या बाजूला भाताची खाचरं कापून मोकळी पडली होती. मलकापुरात मिसळ खाल्ली. इकडं ऊस संपतो आणि माणसांचा आवाजही जरा खाली येतो, असं मला नेहमी वाटतं. आंबा घाट उतरून साखरप्याच्या अलीकडं एका खड्ड्यात दोर सुटला आणि बेसची पेटी फळीवर जोरात आपटली. उतरून पुन्हा बांधली. आत काही सुटलंय का, ते वाजवल्याशिवाय कळणार नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा.

कोकणात गेलं की मला आधी शांतता बोचते. जांभ्या दगडाचे गडगे, त्यामागं घरं, घरात माणसं, पण आवाज नाही. आमच्याकडं शेजारच्या घरात काय शिजतंय ते भांडणातून कळतं. इथं दारावरून टेम्पो गेला तरी कोणी मान वर करत नाही. माझ्या कानात गेली काही वर्षं एक बारीक शिट्टी वाजत असते, धंद्याचं देणं. गावात गोंधळात ती बुडून जाते. तिथं अंगणात बसलो आणि शिट्टीशिवाय दुसरं काही नाही.

प्रज्ञाच्या खोलीत पलंग कमी आणि वायरी जास्त. सारंगीवाल्या मृणालिनीबाई आदल्या दिवशीच आल्या होत्या. माझ्याएवढ्याच वयाच्या, केस पांढरे, बोलणं हळू. प्रज्ञानं न बोलता माझ्या कानाला हेडफोन लावला. आधी तव्यावर तेल तडतडावं तसं काहीतरी. ती म्हणाली, "ती कोळंबी. आता ऐका." मग खालून एक आवाज आला, जाड, दबका, तुटक. मग दुसरा. मग शेकडो, एकात एक मिसळून. शिट्टीमुळं मला बारीक काही ऐकू येत नाही, पण हा जाड आवाज सरळ छातीत आला.

"हे काय, हलगी शेकत्यात का कोण?"

"मासे. पोटातल्या हवेच्या पिशवीवर वाजवतात."

"आणि पोरी येत्यात?"

"येतात."

"मग हळदीचा डीजेच की."

मृणालिनीबाई हसल्या. प्रज्ञाही हसली, पण लगेच म्हणाली, "पप्पा, दोनच स्पीकर लावायचेत. आणि ते जेटीवर नाहीत, वाळूवर." मी हो म्हटलं. दिवसभर गाडी चालवलेला माणूस कशालाही हो म्हणतो.

रात्रीच्या जेवणाला घरमालकिणीनं नारळाच्या रसातली आमटी, भात आणि तळलेले मासे वाढले. चव चांगली होती. तिखट कुठंच सापडलं नाही. दिलावरनं खिशातून घरचा खर्डा काढला तेव्हा मला तो जगातला सर्वांत शहाणा माणूस वाटला.

रविवार, सकाळी

सकाळी जेटीजवळ मासळी विकायला बसलेल्या बायांमध्ये एक चंद्राबाय नावाची होती. साठीची, हातभर बांगड्या, कपाळाला आडवं कुंकू. आयुष्यभर मी ज्याच्याशी घासाघीस केली त्याला घाम फोडला, पण ही बाई माझ्याकडं बघतच नव्हती. मी भाव विचारला. तिनं सांगितला. मी निम्मा सांगितला. तिनं मासे टोपलीत परत टाकले आणि पदरानं वारा घ्यायला लागली.

"ओ मावशी, गिऱ्हाईक हाय मी."

"तुमी कोल्लापूरचे ना? भांड्यावाल्यासारके बोलताव. मासे काय भांडी नाय, सांजपर्यंत थांबत नाय. तुमीपण थांबू नका."

मी चालायला लागलो. आमच्याकडं असं चालायला लागलं की चार पावलांत हाक येते. हाक आली नाही. शेवटी मीच मागं फिरलो आणि तिच्या भावानं मासे घेतले. वर तिनं एक बोंबील मोकळा टाकला. "शेक्रेट्रीण बायचे बाप ना तुमी? तिला सांगा, चंद्राबाय येते आज. पण मासे बोलायलाच हवेत हां. नायतर आमचा धंदा बुडवून बाप-लेक पळाल." प्रज्ञाला सगळं गाव शेक्रेट्रीण म्हणतं. ती कुठंच सेक्रेटरी नाही, पण वही घेऊन फिरते ना.

फलक बघायला गेलो. फ्लेक्स नव्हता. समुद्राच्या कार्यक्रमाला प्लास्टिक नको म्हणून तिनं जुन्या शिडाच्या कापडावर ब्रशनं लिहिलं होतं. आमचं नाव होतं, ठळक होतं. तिचं अक्षर चांगलं आहे. नाव वाचलं आणि मनात ठरवलं की आता वाजवायचं तर प्रज्ञा साउंडसारखंच वाजवायचं.

रविवार, संध्याकाळी

दुपारनंतर एकाही होडीनं इंजिन लावलं नाही. पन्नास-एक होड्या नुसत्या डुलत होत्या. सोसायटीचे चेअरमन यशवंतकाका, अंगानं किरकोळ, स्वच्छ बनियन आणि लुंगी, प्रत्येक होडीवर नजर ठेवून होते. "शब्द दिला म्हंजे दिला," ते मला म्हणाले. "आता तुमच्या माशांनी पाळावा."

प्रज्ञा लहान होडी वल्हवत घेऊन खडपाकडं माईक सोडायला गेली. ती लांब गेल्यावर मी जागा बघितली. वाळू भुसभुशीत. मोठी पेटी वाळूत बसते, तोल जातो, आवाज मार खातो. जेटी सिमेंटची, पक्की, सपाट. कोणताही साउंडवाला डोळे झाकून जेटीच घेईल. पेट्या जेटीवर लावल्या, जनरेटर त्यांच्या मागं. साखरप्याच्या खड्ड्याचं डोक्यात होतंच, म्हणून बेस मोकळा केला. मोकळा करणं म्हणजे पेटीला पोटभर आवाज देऊन आत काही सुटलेलं खुळखुळतंय का बघायचं. आमच्याकडं हा आवाज झाला की गावाला कळतं, कार्यक्रम आला. इथंही कळलं. मुलं पळत आली, बाया आल्या, पेटी ठणठणीत होती. मला बरं वाटलं.

सूर्य पाण्याला टेकला. गाव जेटीवर बसलं. प्रज्ञानं परत येऊन पेट्या बघितल्या, तिचा चेहरा बदलला, पण लोक बसले होते. तिनं माईक जोडला आणि स्पीकरमधून पाणी ऐकू आलं. तडतड ऐकू आली. ती म्हणाली, "ही कोळंबी. आता थोड्या वेळात."

थोडा वेळ झाला. मृणालिनीबाईंनी सारंगी मांडीवर घेऊन एक खालचा सूर धरून ठेवला. सूर सुंदर होता. तो एकटाच होता. आकाश तांबडं झालं, मग जांभळं, आणि खाली तेल तडतडण्याशिवाय काही नाही. प्रज्ञा वायरी तपासत होती, पुन्हा पुन्हा. तिचे हात मला दिसत होते. लहानपणी माईकची वायर गुंडाळायला बसायची तेव्हा असेच घाईत चालायचे.

मागून कोणीतरी म्हणालं, "झोपले वाटतं मासे." दुसरा म्हणाला, "रविवार ना, सुट्टी." लोक हसले. सारंगी थांबली.

यशवंतकाका उठले. आवाज चढवला नाही, आणि तेच वाईट होतं. "पोरी, तू म्हणतेस इंजिनानं मासे गप होतात. आज इंजिन नाय. एक पण नाय. तरी मासे गप. मंग इंजिनाचा दोष कसला? तूच आमाला दाखवलंस की इंजिनाचा काय संबंध नाय."

प्रज्ञानं पुन्हा एकदा माईकची वायर काढून लावली. तिच्या इतक्या वर्षांच्या कामावर तिच्याच कार्यक्रमात, तिच्याच माईकवर पाणी पडलं होतं. यानंतर त्या गावात तिचं कोणी ऐकलं नसतं.

माझं डोकं फिरलं. माझ्या मुलीला बोलायचा हक्क माझा आहे, दुसऱ्या कुणाचा नाही. मी तरातरा पुढं गेलो, यशवंतकाकांना काय काय सुनवायचं ते तोंडात आलेलं होतं. वाटेत चंद्राबाय बसली होती. तिच्या पुढ्यात पाण्याचं घमेलं, त्यात दोन जिवंत खेकडे. त्याला पाय लागेल म्हणून मी खाली बघितलं. पाण्यावर बारीक बारीक गोल उठत होते, एकामागं एक, थांबत नव्हते. वारा नव्हता. बेसच्या पेट्या गप्प होत्या. मी वाकून जेटीवर तळहात ठेवला. सिमेंट थरथरत होतं.

आमच्या धंद्यात जनरेटरचा आवाज आवाजात धरत नाहीत. तो मांडवामागं असतो, तो चालू असला की सगळं ठीक असतं. तीस-चाळीस वर्षं तो माझ्या पाठीमागं चालू आहे, मला तो ऐकू येत नाही. गावच्या सगळ्या होड्यांची इंजिनं बंद करवली होती, आणि मी घाटावरून माझं स्वतःचं इंजिन आणून खाडीत खांब रोवलेल्या जेटीच्या डोक्यावर ठेवलं होतं. त्याच्याआधी बेस मोकळा केलेला, तो वेगळाच.

"दिलावर, बंद कर."

"काय?"

"जनरेटर. बंद कर म्हंतो न्हवं."

दिवे गेले, माईक मेला. मग मला ओरडूनच बोलावं लागलं, ते मला येतं. "ओ मंडळी, बसा. मासं गप न्हाईत. मी गप केल्यात. ह्यो जनरेटर आणि ह्या पेट्या. पोरीनं वाळूवर ठेवायला सांगितलं हुतं, मी जेटीवर ठेवल्या. तिचा दोष न्हाय."

मग यशवंतकाका म्हणाले, "बाप आहे. बापच असं बोलणार."

ते खरं होतं. त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हटलं असतं. माझ्याशी आजवर कितीतरी गिऱ्हाइकांनी अशी गोड कारणं सांगून भाव पाडायचा प्रयत्न केलाय. अशा वेळी कारण सांगायचं नसतं, सौदा करायचा असतो.

"मग उद्या पुन्यांदा," मी म्हटलं. "इंजिन न्हाय, जनरेटर न्हाय, पेट्या न्हाईत. मासं बोललं तर पावसापतुर रोज दिवेलागणीला खडपावर इंजिन बंद."

"रोज नाय जमत. आठवड्यात एक दिवस."

"मासा काय आठवड्यात एकदाच लगीन करतो?"

लोक हसले, या वेळी माझ्या बाजूनं. यशवंतकाका दोन दिवसांवर आले, मग बाजाराचा दिवस सोडून बाकीचे. मी रोजवरून हललो नाही. "वल्हवून भाईर काढा, भाईर गेल्यावर इंजिन लावा. हितनं तितं किती हाय? माझ्या गोडाऊनचं अंगण मोठं हाय ह्याच्यापरास."

"आणि नाय बोलले तर?"

"तर शिमग्याला तुमच्या पालखीला माझं साउंड. फुकट. जल्मात कुणाला फुकट दिलं न्हाय, दिलावरला विचारा."

दिलावर म्हणाला, "मला बी न्हाय दिलं."

यशवंतकाकांनी आणखी एक अट घातली. मासे बोलले तर ते कुठं बोलतात हे कुठं छापायचं नाही. "आज तुमी आमचं इंजिन बंद कराल, आणि उद्या भायेरचे मोठे जाळेवाले नाव वाचून याच खडपावर येतील. मासा कुठं जमतो हे आमी आमच्या जावयाला पण सांगत नाय." प्रज्ञानं शब्द दिला. मीही दिला. म्हणून वर नाव लिहिलं नाही.

सौदा पक्का झाला असं वाटलं तेवढ्यात चंद्राबाय घमेलं उचलत म्हणाली, "मासे बोलले तरी शिमग्याला यायचं. पण ते मोठे डबे घरी ठिवा." आणि निघून गेली. त्या बाईनं एका दिवसात मला दोनदा हरवलं.

लोक पांगल्यावर प्रज्ञा जेटीवर वायर गुंडाळत राहिली. मी दुसरं टोक धरलं.

"मी दोन छोटे सांगितले होते, पप्पा."

"व्हय."

"वाळूवर सांगितलं होतं."

"व्हय की."

मी वायरीची गाठ सोडवत राहिलो. बोलायला लागलो असतो तर विसर्जनाचं निघालं असतं, आणि दोघंही थकलो होतो.

सोमवार

सगळा दिवस मी आणि दिलावर पेट्या परत टेम्पोत चढवत होतो. ज्या पेट्या दिमाखात उतरवल्या त्या मुकाट्यानं चढवायच्या, असलं ओझं दुप्पट लागतं. गुडघे बोलायला लागले. टेम्पोची बॅटरी काढली. तिच्यावर चालेल असं एकच होतं माझ्याकडं, भोंगा. दिलावरनं तो जाळी वाळत घालायच्या बांबूवर, पाण्यापासून लांब, गावाकडं तोंड करून बांधला. ज्याच्यावर मी आयुष्यभर ओरडलो त्याच्यातून आज दुसरं कोणीतरी बोलणार होतं. बोललं तर.

गाव कालच्यापेक्षा जास्त आलं. बहुतेक जण पालखीला फुकट साउंड मिळतंय का ते बघायला आले असावेत. वाळूवर बसले. मी पाण्याकडं पाठ करून बसलो, मला बघवत नव्हतं. प्रज्ञा जवळ बसली होती, हेडफोन गळ्यात. सूर्य गेला. तडतड चालू झाली. बराच वेळ तेवढीच. माझ्या कानातली शिट्टी आणि कोळंबी, दोघी मिळून मला वेड लावायला लागल्या.

मग भोंग्यातून एक 'घुर्र' आलं. एकच. पुन्हा गप्प. यशवंतकाकांनी मान वर केली. मग दुसरं, लांबून. मग जवळून. आणि मग मोजायला वेळच मिळाला नाही. पाण्याखाली बाजार भरला. भोंग्याला जाड आवाज नीट पेलत नाही, तो फाटतो, पण फाटका का होईना, तो बाजार वाळूवर सांडत राहिला. कोणी हसलं नाही. एक पोर रडायला लागलं, आईनं त्याला पदराखाली घेतलं. चंद्राबाय एकदा खाडीकडं बघायची, एकदा भोंग्याकडं.

मृणालिनीबाईंनी खूप उशिरा गज लावला. वर सूर घेतलाच नाही. माशांच्या खाली, अगदी दबका, एकच सूर. मासे थांबले की थांबायच्या, मासे उठले की हळूच मागं यायच्या. नंतर मी त्यांना म्हटलं, बाई, तुम्ही फार थोडं वाजवलंत. त्या म्हणाल्या, "सारंगी साथीचं वाद्य. गवई आला की मागं बसायचं." ते मला चांगलं समजलं. माझाही धंदा साथीचाच आहे, मधल्या काळात विसर पडला होता.

अंधार पडल्यावर यशवंतकाका उठले, लुंगी झटकली. "रोज," ते म्हणाले. "पाऊस लागेपर्यंत. वल्हवून काढू." जाताना माझ्यापाशी थांबले. "आणि शिमग्याला तुमी."

"सौदा मासं बोललं न्हाईत तर हुता."

"चंद्राबायनं सांगितलं ना काल. आमच्याकडं तिच्या पुढं बोलत नाय कोण."

मंगळवार

सकाळी निघताना प्रज्ञा टेम्पोपाशी आली. तिच्या कानात रात्रभर हेडफोन असणार, डोळे लाल होते. रविवारचं सगळं पाण्यातल्या माईकनं टिपलं होतं, ती म्हणाली. बेस मोकळा केला तो क्षण, आणि त्याआधी खडपावर बोलायला सुरुवात केलेले दोन-चार मासे गप्प झाले तो क्षण, दोन्ही. "इतकं स्पष्ट कुणाकडंच नसेल, पप्पा. मुद्दाम कोणी करू शकणार नाही. हे मला अहवालात घालायचंय. मृणालिनीबाई म्हणतात, त्यांच्या कार्यक्रमातही तो तुकडा वाजवू. आधी मासे, मग बेस, मग शांतता."

"मग घाल की."

"आवाज कुणाचा होता ते लिहावं लागेल. नाव घालू, की नुसतं 'एक ध्वनियंत्रणा' लिहू?"

दिलावर दोर आवळायचं सोडून माझ्याकडं बघायला लागला. नुसतं लिहिलं असतं तर कुणाला कळलं नसतं. नाव गेलं तर नाक्यावर आणखी दहा वर्षांच्या चेष्टेची सोय होती, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. ती टेम्पोच्या दाराला हात लावून उभी होती, उत्तराची वाट बघत. त्या विसर्जनाच्या सकाळी पोह्याच्या ताटावर ती अशी थांबली असती तर मी काय म्हटलं असतं, ते मला आजही सांगता येत नाही. बहुतेक ताट फेकलं असतं.

"ठळक लिही," मी म्हटलं. "शिडाच्या कापडावर लिवलंस तसं. नाव तुझंच हाय."

टेम्पो सुरू केला. इंजिनाची घरघर या वेळी मला ऐकू येत होती, सबंध वाटभर.